मशीनचा सेंडॉफ

आधी कॉफी संपवा, मग सांगतो. मागं एकदा घोट चालू असताना सांगितलं, तर आमच्या साडूंना असा ठसका लागला की त्यांना धोतर बदलावं लागलं. तेव्हा कप खाली ठेवा. ठेवलात? सरी, ठीक आहे. आता, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाची बळजबरी नसताना, मी स्वतःच्या पायावर केवढा धोंडा पाडून घेतला ते ऐका.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नियम म्हणजे नियम. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, दर वर्षी पोस्टात जाऊन ते नवं करून आणायचं. एका वर्षी मुदत संपली आणि नेमकी पोस्टाला दोन दिवस सुट्टी. मी काय केलं असेल? रेडिओवर टॉवेल टाकला आणि टॉवेलावर पंचांग ठेवलं. क्रिकेटचा कसोटी सामना रंगात आलेला. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, अगदी काकुळतीला आले. म्हणाले, आवाज बारीक ठेवू. मी म्हटलं, मुदत संपली, आता हे नुसतं लाकडाचं खोकं. अण्णा दोन दिवस शेजारी राहणाऱ्या मूर्तींच्या खिडकीखाली उभे राहून स्कोअर ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मूर्तींना दया आली, त्यांनी खुर्ची दिली.

असल्या माणसाच्या ताब्यात कुणी मशीन द्यावं का? पण दिलं.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही राहायला बसवनगुडीत, अण्णांच्या घरी, आणि माझी नोकरी थेट हेब्बाळच्या पलीकडं, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात. तिथल्या वेलफेअर विभागात एक टॅब्युलेटर होतं. खोलीभर पसरलेलं, करडं, लोखंडी. प्रत्येक कामगाराचं एक जाड कागदाचं कार्ड असायचं आणि त्यात भोकं. कुठल्या रकान्यात कुठं भोक आहे त्यावरून नोकरीची वर्षं किती, घरात माणसं किती, हे सगळं त्या मशीनला कळायचं. कार्डांचा गठ्ठा आत घातला की धडधड करत छापील यादी बाहेर यायची. मी त्या खोलीचा प्रमुख. माझ्या हाताखाली एकच माणूस, कार्डांना भोकं पाडणारा गुंडप्पा. धारवाडकडचा, बोलायला कमी, कामाला चोख.

आणि तिसरे फर्नांडिस. ते मशीनच्या कंपनीचे इंजिनिअर. महिन्यातून एकदा कॅन्टोन्मेंटातून फटफटीवर यायचे, मशीनची पाठ उघडायचे, तेल घालायचे, ब्रश बदलायचे, माझ्या वाट्याची कॉफी प्यायचे आणि जायचे.

मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. हे मॉडेल आता फार जुनं झालं, सबब एक जुलैपासून त्याची सर्व्हिस बंद करण्यात येत आहे, यापुढं इंजिनिअर येणार नाही व सुटे भाग मिळणार नाहीत, आपला नम्र.

मी पत्र तीनदा वाचलं. एक जुलै! म्हणजे तीस जूनला मशीनची मुदत संपणार. माझ्या डोळ्यांपुढं टॉवेल आला, पंचांग आलं. एक जुलैला बटण दाबलं तर मशीन हूं की चूं करणार नाही, आणि चुकून केलंच तर ते बेकायदेशीर, अशी माझी पक्की समजूत झाली. दोन्हींपैकी नेमकं काय होणार हे मी कुणाला विचारलं नाही. प्रमुख ना मी! प्रमुखानं विचारायचं असतं का?

बातमी कँटीनमध्ये गेली आणि तिथं प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. कुणी म्हणालं, दुसरीकडचं मोडकं मशीन भंगारात मिळतंय का बघा, त्याचे भाग याला घाला. कुणी म्हणालं, नवंच मागवा. एक जण म्हणाला, सुम्ने बसा, उगी राहा, आहे तसं चालवा, काही होत नाही. त्याला मी असा झापला की तो आठवडाभर माझ्या टेबलावर जेवायला बसला नाही.

गुंडप्पानं मात्र कुणाला सल्ला दिला नाही. त्यानं मशीनमधल्या सगळ्या वायरी कुठून कुठं जातात त्याचा रंगीत पेन्सिलींनी वहीत नकाशा काढला. फर्नांडिसकडून तेल कुठं घालायचं, ब्रश कसा बदलायचा ते शिकून घेतलं. मग माझ्यापुढं शेवटच्या मागणीचा कागद ठेवला: ब्रश दोन डझन, छपाईच्या रिबिनी तीन डझन, पट्टे सहा. मी सही केली, पण हसलो. म्हटलं, गुंडप्पा, उद्या मसणात जाणाऱ्याला तू आज टॉनिक पाजतोयस. तो मलाही अण्णाच म्हणायचा. म्हणाला, असू दे अण्णा, स्वल्प जवळ असलेलं बरं.

आता माझा जीव कशात अडकला होता ते सांगतो. कारखान्याच्या कॉलनीत नवे चोवीस क्वार्टर बांधून तयार होते. दोन खोल्या, मागं अंगण, आणि स्वयंपाकघरात स्वतःचा नळ. कुणाला द्यायचे ते गुणांवर ठरायचं आणि यादी आमच्या मशीनवर निघणार होती, ऑगस्टमध्ये.

तुम्ही म्हणाल, नळाचं एवढं काय? अहो, माझ्या बायकोला विचारा. सुमित्रा लग्न होऊन आली ती अण्णांच्या दोन खोल्यांत. घरात नऊ माणसं. स्वयंपाकघर वहिनींचं. वहिनी वाईट नव्हत्या, पण त्यांची पोळी झाल्याशिवाय हिची भाजी चुलीवर चढायची नाही. मीठ किती, हे त्या ठरवणार. पाणी बाहेरच्या नळावरून, तेही मूर्तींच्या बायकोचा नंबर झाल्यावर. सुमित्रानं कधी तक्रार केली नाही. फक्त कॉलनीचं बांधकाम सुरू झाल्यापासून दर रविवारी विचारायची, छप्पर पडलं का? फरशी कुठली बसवली? नळ पितळी की लोखंडी?

मागच्या दोन याद्या हेडक्लार्कनं हातानं केल्या होत्या. दोन्ही वेळा त्याच्या नात्यातल्यांना क्वार्टर मिळाले आणि मला मिळाली सहानुभूती. मशीनला नातेवाईक नसतात. म्हणून माझी सगळी भिस्त त्या मशीनवर, आणि तेच मशीन यादीच्या आधी महिनाभर मरणार!

मी वेलफेअर ऑफिसर शेषाद्रींकडं गेलो. म्हटलं, साहेब, यादी जूनमध्येच काढली पाहिजे, नाहीतर पुन्हा हातानं करायची पाळी येईल, पुन्हा भांडणं, पुन्हा अर्ज. त्यांनी विचारलं, मशीन खरंच बंद पडणार का? मी पत्र पुढं केलं, आणि तारखेवर असं बोट ठेवलं की त्यांना तारखेपलीकडचं काही वाचता येऊ नये. साहेब म्हणाले, मशीन तुमचं, तुम्ही म्हणाल तसं. यादीची तारीख ठरली अठ्ठावीस जून.

मग आमच्या खोलीत लगीनघाई सुरू झाली. गुंडप्पा दिवसभर भोकं पाडत होता. मी त्याच्या डोक्यावर उभा. एका दुपारी तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "अण्णा, तुमच्या कार्डाबद्दल स्वल्प बोलायचं होतं."

मी एकदम ताठ झालो. मी यादीचा प्रमुख आणि यादीत माझंच नाव. कुणी म्हणायला नको की मी स्वतःच्या कार्डात लक्ष घातलं. "माझ्या कार्डाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," मी म्हटलं. "नियमाप्रमाणं जे भोक पडेल ते पाड."

"पण अण्णा, तारीख..."

"गुंडप्पा, नियम."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि भोक पाडलं.

अठ्ठावीसला यादी निघाली. साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, कागद फडफडत वर येतोय. पहिलं नाव, दुसरं, पाचवं, बारावं. मी मनात म्हणतोय, बारावा नसलो तरी पंधरावा असेन. वीस झाले. चोवीसावं नाव आलं, गुंडप्पाचं. त्याच्या खाली यादीची रेघ. रेघेखाली पंचविसावं नाव माझं.

कार्ड काढून बघितलं. नोकरीची पुरी झालेली वर्षं: नऊ. दहा वर्षं पुरी झाली की गुण दुप्पट व्हायचे, आणि माझी दहा वर्षं भरणार होती नऊ जुलैला. गावभर दहा वर्षं, दहा वर्षं म्हणून सांगत फिरत होतो मी, पण ती ऑगस्टच्या हिशेबानं! यादी ऑगस्टमध्ये निघाली असती तर मी अकरावा आलो असतो. अकरा दिवस कमी पडले हो, आणि ते अकरा दिवस मीच हट्टानं खाल्ले होते. आता कळलं गुंडप्पा काय सांगत होता ते? मलाही तेव्हाच कळलं.

पण माणूस स्वतःला गाढव म्हणून घ्यायला सहजासहजी तयार होतो का? मी नाही झालो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं तेव्हा मी धीरगंभीर आवाजात म्हटलं, साहेब, मशीन मरणार होतं, शंभर जणांचा प्रश्न होता, एकाचा विचार करून कसं चालेल? साहेबांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्यात झालं, माधवरावांनी आपला क्वार्टर सोडला, पण यादी वाचवली. मी झापलेला तो कँटीनमधला माणूसही येऊन हात मिळवून गेला. घरी सुमित्राला मी हेच सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, चार घरांचं भलं झालं ना, मग आपण थांबू. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त, मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

तीस जूनला मशीनचा सेंडॉफ. कल्पना माझीच. आमच्याकडं माणूस निवृत्त झाला की म्हैसूर पेटा, म्हणजे तिकडचा जरीचा फेटा, चंदनाचा हार आणि फळांची करंडी द्यायची पद्धत आहे. मी म्हटलं, मशीननंही सेवाच केली आहे. पेटा कुठं घालायचा यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली, कारण मशीनला डोकं नव्हतं. तसं त्या खोलीत आणखी कुणाला होतं म्हणा! शेवटी पेटा कार्डं घालायच्या तोंडावर बसवला. हळदकुंकू झालं. साहेब मशीनबद्दल दोन वाक्यं बोलले आणि माझ्या त्यागाबद्दल वीस मिनिटं. हार मलाच घातला, करंडीही मलाच दिली, मशीन काही फळं खात नाही. मग उप्पिट्टू, केसरीभात, कॉफी. मी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं, खोलीला कुलूप घातलं आणि कुलपावर लाखेचं सील मारलं.

पंधरा जुलैला फर्नांडिस उगवले. मी म्हटलं, तुमची सर्व्हिस तर बंद ना? ते म्हणाले, सर्व्हिसला आलो नाही, माझा चांगला स्क्रूड्रायव्हर तुमच्या मशीनच्या पोटात राहिलाय. सील बघून त्यांनी विचारलं, आत कुणी मेलंय का? मी सगळं सांगितलं, आणि साहेबांची परवानगी घेऊन सील फोडलं. फर्नांडिसनी पेटा उचलून बाजूला ठेवला, पाठ उघडली. स्क्रूड्रायव्हर दोन चाकांच्या मधे. चाक जरा फिरवायला हवं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

मशीन सुरू झालं! गुणगुणत, नेहमीसारखं, उलट पंधरा दिवसांच्या विश्रांतीनं जरा टवटवीतच.

मी फर्नांडिसचा हात धरला. "हे चालतंय कसं? तुमच्या कंपनीचं पत्र आलं होतं."

"पत्रात मी येणार नाही असं लिहिलंय," फर्नांडिस म्हणाले. "मशीन चालणार नाही असं कुठं लिहिलंय?"

मी पत्र काढून वाचलं. चौथ्यांदा. खरंच कुठं लिहिलं नव्हतं.

म्हणजे यादी ऑगस्टमध्ये सुखानं निघाली असती. म्हणजे मी अकरावा. म्हणजे नळ! आता पुन्हा काढता आली नसती का यादी? नाही. जनरल मॅनेजरांची सही झालेली यादी बदलायची नाही असा नियम होता. तो नियम कुणी सुचवला होता ते विचारू नका.

पण मला खरी भीती दुसरीच. मशीन चालतं हे कळलं की त्यागाचं काय? चंदनाच्या हाराचं काय? घरी सुमित्राला काय तोंड दाखवू? मी दार लोटलं आणि फर्नांडिसना म्हटलं, एवढी वर्षं माझी कॉफी प्यालात, एक उपकार करा, यातली एखादी वायर ओढून हे बंद पाडा. ते स्क्रूड्रायव्हर खिशात घालत म्हणाले, "सॉरी, माधवराव. या मॉडेलला हात लावायची मला परवानगी नाही. सर्व्हिस बंद आहे." आणि कॉफी मागवली.

पुढच्या आठवड्यात साहेबांना कामगारांच्या रेनकोटांच्या मापांची यादी हवी झाली. हातानं करायला चार दिवस लागतील असं मी म्हणेपर्यंत गुंडप्पा आत जाऊन ती काढून घेऊन आला. साहेबांनी छापील कागद बघितला, मग मला बघितलं. मी म्हटलं, पेट्यानं जरा बरं वाटलं असावं त्याला. ऑफिसात सगळे समजले, पण भली माणसं, माझ्या तोंडावर कुणी हसलं नाही. माझी पाठ फिरेपर्यंत थांबायचे. घरी कळू नये, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं.

श्रावणात गुंडप्पाच्या क्वार्टरचा गृहप्रवेश. तो घरी येऊन सुमित्राला अक्षत देऊन गेला, अक्का, तुम्ही आलंच पाहिजे. नाही कसं म्हणणार? गेलो. पूजा झाली, दूध उतू गेलं, पानं मांडली. गुंडप्पा आयुष्यात पहिल्यांदा सलग पाच वाक्यं बोलला. हे घर अण्णांच्या त्यागामुळं मिळालं, म्हणाला. बिचारा मनापासून बोलत होता. मी मान खाली घालून पत्रावळीतले भाताचे दाणे मोजत होतो, आणि माझ्याच ओळीत बसलेले फर्नांडिस केसरीभाताचा घास गिळून म्हणाले, "त्याग कसला? मशीन तर जुलैतसुद्धा चालू होतं. यादी कधीही काढली असती तरी चाललं असतं."

बायकांच्या पंगतीत बसलेल्या सुमित्रानं हात थांबवला. माझ्याकडं बघितलं. बस्स, एकदाच.

जेवणं झाल्यावर ती गुंडप्पाच्या बायकोबरोबर घर बघायला गेली. मी दारातून बघत होतो. स्वयंपाकघरात तिनं नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, बंद केला. पितळी होता. छान आहे हो, म्हणाली, आणि गुंडप्पाच्या बायकोला जवळ घेतलं. मला तिथंच धरणी दुभंगावी असं झालं.

परतताना बस मिळाली, शेजारीशेजारी जागा मिळाली. हेब्बाळचं तळं गेलं, शेतं गेली, ती खिडकीबाहेर बघत बसली. मी दोनदा खोकलो. शेवटी बसवनगुडी जवळ आली तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "त्या पत्रात नेमकं काय लिहिलं होतं?"

मी पाठ म्हणून दाखवलं. मॉडेल जुनं, सर्व्हिस बंद, माणूस येणार नाही, सुटे भाग मिळणार नाहीत.

"म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीला कुणी येणार नाही, बदलून मिळणार नाही. आहे तसंच सांभाळून चालवायचं. एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटलं.

"मग त्यात घाबरायचं काय होतं?" पदर सावरत ती उठली, आमचा स्टॉप आला होता. "असलं एक माझ्या बाबांनी बारा वर्षांपूर्वीच माझ्या गळ्यात बांधलंय. चालवतेच आहे की मी."